ज्यांचीं नांवें आपण विचारलीं नाहींत
(महोत्सवाच्या संगीतसभेंत दिलेलें व्याख्यान)



आवडते गायक, वादक व वाद्यवृंद कोणते आणि ते श्रोत्यांस इतके प्रिय कां होतात, ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय गोड आहे. परंतु दिसतो तितका सोपा नाहीं. आपणांपैकीं कोणासही विचारावें, कीं तुमचा आवडता कलावंत कोण, तर तो तत्काळ एखाद्या गायकाचें किंवा गायिकेचें नांव सांगेल. पण गाणें सुरू होण्यापूर्वीं व्हायोलिनांचा जो मेळ आपलें चित्त वेधून घेतो, किंवा दोन कडव्यांच्या मध्यें जो एकटा ट्रंपेट काळजास हात घालतो, तो वाजविणारा कोण, असें पुढें विचारलें तर बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. कानास ओळख आहे, जिभेस नाहीं. ह्या अनामिक वादकांविषयींच मी आज बोलणार आहें; कारण त्यांपैकीं पुष्कळजण आपल्यासारख्याच एखाद्या देवळाच्या सावलींत स्वर शिकले होते.

ह्या कथेचा उगम गोमंतकांत आहे. पोर्तुगीज अमदानींत सोळाव्या शतकापासून तेथील देवळांना जोडून ज्या शाळा चालत, त्यांत मुलांस अक्षरांबरोबर स्वरही शिकवीत. गायनगुरूस तेथें मेस्त्रे म्हणत. त्याची शिस्त कडक असे. आधीं हातानें ताल देत ‘दो, रे, मी’ म्हणावयाचें, कागदावरील स्वरलिपि डोळ्यांनीं वाचून गळ्यांतून काढावयाची. तें साधलें म्हणजे मग व्हायोलिन हातीं यावयाचें. हेतु साधा होता. रविवारच्या मिस्सेस व सणावारीं देवळांत गायकवृंद व वाद्यें असावींत, एवढाच. ह्या शिक्षणांतून उद्यां हिंदुस्थानचें चित्रपटसंगीत उभें राहील, असें त्या मेस्त्रेंच्या स्वप्नींही नसेल. पेरणारा एक हेतु धरून पेरतो, आणि पीक भलत्याच शेतांत डोलूं लागतें, त्यांतला हा प्रकार आहे.

गांवांत कलेवर पोट भरेना, म्हणून हे तरुण मुंबईस येऊं लागले. धोबी तलावाच्या आसपास गांवोगांवच्या गोवेकरांचीं ‘कूड’ नांवाचीं वसतिगृहें होतीं. तेथें पेटी टेकून ते काम शोधावयास निघत. कोणी मूकपटांच्या काळीं पडद्यापुढें बसून वाजवी, कोणी हॉटेलांतील नृत्यांस साथ करी, कोणी संस्थानिकांच्या किंवा पलटणीच्या बँडांत चाकरी धरी. १९३१ सालीं ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला, आणि पुढें दहापंधरा वर्षांत चित्रपटाच्या गाण्यांस मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडूं लागली.

येथें कामाची रीत समजून घेतली पाहिजे. आपलें हिंदुस्थानी संगीत एका सुरावटीचें आहे. एक स्वर दुसऱ्यामागून येतो, आणि त्या ओळींतच सारें सौंदर्य सांठविलेलें असतें. देवळांतील गायकवृंदांत मात्र सोप्रानो, आल्टो, टेनोर व बास असे चार आवाज एकाच वेळीं वेगवेगळे स्वर घेऊन चालतात, आणि तरी भांडत नाहींत. ही विद्या ज्याच्या अंगीं मुरली होती, तोच पन्नास वाद्यांस निरनिराळीं कामें वांटून देऊं शके. संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी; गोवेकर संयोजक ती तेथल्या तेथें कागदावर उतरवी, तिच्याखालीं सेलोची जाड ओळ घाली, वर व्हायोलिनांची झालर लावी, आणि प्रत्येक वादकाच्या पुढें त्याचा त्याचा कागद ठेवी. ताडदेव व वांद्रें येथील स्टुडिओंत सर्व वादक एकत्र बसून वाजवीत. एकाचा स्वर चुकला, कीं साऱ्यांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा. त्या एका खोलींत तबला व सारंगी वाजविणारे मुसलमान व हिंदु उस्ताद असत, अकॉर्डियन वाजविणारे गुडी सीरवाई यांच्यासारखे पारशी असत, आणि व्हायोलिनांच्या रांगांत गोवेकर असत.

सेबॅस्टियन डिसोझा हे असेच एक संयोजक. फाळणीपूर्वीं ते लाहोरच्या हॉटेलांत आपला बँड चालवीत. देश दुभंगल्यावर ते मुंबईस आले, प्रथम ओ. पी. नय्यर यांच्याकडे व पुढें अनेक वर्षें शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनीं वाद्यवृंदाची रचना केली. राज कपूर यांच्या चित्रपटांतील गाण्यांच्या मागें जो व्हायोलिनांचा पूर उसळतो, तो लाखों लोकांनीं ऐकला आहे. सेबॅस्टियन हें नांव त्यांतल्या कितीकांच्या कानीं गेलें असेल?

दुसरे आंतोनियो झेवियर वाझ. बार्देशांतील हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेला हा ट्रंपेटवादक मुंबईच्या नृत्यगृहांत ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें गाजला. अमेरिकेंतील नीग्रो वादक लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. ह्याची गांठ पडली ती पुणतांब्यास जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशीं, म्हणजे आपल्या सी. रामचंद्र यांच्याशीं. १९५१ सालीं भगवान पालव यांचा ‘अलबेला’ आला, आणि त्याच्या गाण्यांनीं गिरणगांवापासून खेड्यापाड्यांपर्यंत लोकांस ठेका धरावयास लाविलें. एक मराठी संगीतकार, एक मराठी नट आणि एक हळदोणेंकर ट्रंपेटवाला. अटलांटिकपलीकडची चाल ह्या तिघांनीं अशी कांहीं आपलीशी केली, कीं ती परकी आहे असें कोणास वाटलेंच नाहीं.

तिसरें नांव आंतोनियो, म्हणजे अँथनी, गोन्साल्विस यांचें. हे साष्टींतील माजोर्डा गांवचे. जन्म १९२७ चा. वडील तेथील देवळांत गायकवृंदाचे मेस्त्रे, आणि तेच पहिले गुरु. १९४३ सालीं हा मुलगा मुंबईस आला व नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागला. पुढें त्यांनीं जे शिष्य तयार केले, त्यांत प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे दोघे संगीतकार होते. परंतु त्यांचें मन केवळ चाकरींत रमलें नाहीं. आपले राग व पश्चिमेचा वाद्यवृंद यांचा विवाह लावावा, हा त्यांचा ध्यास. १९५८ सालीं त्यांनीं भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला, सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत आपल्या रचना सादर केल्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांनीं त्यांत गायन केलें. १९६५ सालीं ते अमेरिकेस गेले. परत आल्यावर चित्रपटसृष्टींत न जातां ते माजोर्ड्यास शांतपणें राहिले, आणि १९१२ नव्हे, तर आपल्याच काळांत, २०१२ च्या जानेवारींत निवर्तले. मधल्या काळांत, १९७७ सालीं, प्यारेलाल यांनीं आपल्या जोडीदारासह ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटास संगीत दिलें, आणि त्यांतील एका गाण्यांत गुरूचें नांव जसेंच्या तसें घातलें. साऱ्या देशानें तें नांव हंसत हंसत गाइलें. पण त्या नांवाचा एक मनुष्य खरोखरच माजोर्ड्यास राहतो, हें फारच थोड्यांस ठाऊक होतें.

कोणी म्हणेल, कीं चित्रपटाचें व नृत्यगृहाचें संगीत हा ऐहिक विषय. त्याचा गौरव देवळाच्या महोत्सवांत कशास? ही शंका मी हलकी समजत नाहीं. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालीं संत सेसिलियाच्या सणादिवशीं, २२ नोव्हेंबरला, धर्मसंगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत देवळाच्या आंत बँड वाजविण्यास स्पष्ट मनाई केली होती. ढोल, झांजा व पियानो यांसही बंदी होती. परंतु देवळाबाहेरील मिरवणुकींत बिशपांच्या परवानगीनें बँड चालेल, मात्र ऐहिक चाली वाजवूं नयेत, असेंही त्यांतच लिहिलें होतें. आणि गायनशाळा पुन्हां उभाराव्या असा आग्रह धरिला होता. प्रत्येक संगीतास आपापली जागा आहे, एवढें तर त्यावरून शिकावें. शनिवारीं रात्रीं हॉटेलांत ट्रंपेट वाजविणारा मनुष्य रविवारीं सकाळीं मिस्सेस व्हायोलिन घेऊन उभा राही, तेव्हां त्याचे हात तेच असत, आणि त्या हातांस लागलेली शिस्तही तीच असे.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. हे वादक श्रोत्यास प्रिय कां व्हावे? मला त्याचीं दोन कारणें दिसतात. पहिलें असें, कीं मनुष्याचें दुःख एकटें असतें, आणि वाद्यवृंद त्यास सोबत देतो. गिरणींतून थकून आलेला कामकरी रेडिओपाशीं बसतो, तेव्हां गायिका त्याच्या मनांतलें बोलून दाखविते; पण तिच्या मागें जे पन्नासजण उभे असतात, ते जणूं त्यास म्हणतात, कीं गड्या, तूं एकटा नाहींस. दुसरें कारण विश्वासाचें. दर वेळीं तें व्हायोलिन त्याच जागीं, त्याच सुरांत येतें. तें आपणांस फसवीत नाहीं. ज्यानें लहानपणीं मेस्त्रेच्या छडीखालीं स्वर घोटला, त्याचें तें प्रामाणिकपण तबकडींत उतरतें, आणि श्रोत्यास कळो वा न कळो, त्याच्या अंतःकरणास पोहोंचतें.

श्रोत्याची निष्ठाही कांहीं लहान नसते. क्रिस पेरी यांच्या चालींवर कोंकणींत गाणाऱ्या लॉर्ना यांनीं ऐन बहरांत गाणें थांबविलें. वीसांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी लोकांनीं तो आवाज विसरला नाहीं. १९९५ सालीं त्या पुन्हां गाऊं लागल्या, तेव्हां ज्यांनीं त्यांस तरुणपणीं ऐकलें होतें ते आपल्या मुलांस घेऊन आले. श्रोता वाट पाहूं शकतो. मात्र कोणाची वाट पाहावयाची, तें नांव त्यास ठाऊक असावें लागतें.

ह्यावरून एक गोष्ट सांगतों. १९४९ सालीं ‘महल’ चित्रपट आला. त्यांतील गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचें नांव नव्हतें. चित्रपटांतील पात्राचें ‘कामिनी’ हें नांव छापलेलें होतें. श्रोत्यांनीं नभोवाणीस पत्रांमागून पत्रें पाठविलीं, कीं ही गाणारी कोण? तेव्हां लता मंगेशकर हें नांव लोकांस कळलें. पार्श्वगायिकेस नांव मिळालें तें श्रोत्यांनीं विचारलें म्हणून. व्हायोलिनवाल्याविषयीं, ट्रंपेटवाल्याविषयीं, स्वरलिपि लिहिणाऱ्याविषयीं असें पत्र कोणी पाठविलें नाहीं. तबकडीवर चित्रपटाचें, संगीतकाराचें व गायकाचें नांव येत राहिलें, आणि त्यांच्या मागचीं माणसें अंधारांतच राहिलीं.

पुढें १९८० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारीं स्वरयंत्रें आलीं, आणि व्हायोलिनांच्या साऱ्या रांगेचें काम एक मनुष्य एका पेटीवर करूं लागला. ते मोठे वाद्यवृंद हळूहळू मोडले. वादक वृद्ध झाल्यावर मग अभ्यासकांस त्यांची आठवण झाली. ग्रेगरी बूथ यांनीं त्यांस भेटून, त्यांच्या तोंडच्या हकीकती जमवून २००८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला; मुंबईच्या जॅझवादकांविषयीं नरेश फर्नांडिस यांचा ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ त्यानंतर आला. हें काम थोर आहे. पण तोंवर कित्येक वादक आपल्या हकीकती बरोबर घेऊन गेले होते.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या पुस्तकांत देवळाचा पाया कोणी घातला व घंटा कोणी दिली, हें आपण नेहमीं लिहितों, आणि तें योग्यच आहे. माझी विनंती एवढी, कीं त्याच पुस्तकांत आणखी एक पान असावें. ऑर्गनवर कोण बसत आलें, गायकवृंदास कोणी शिकविलें, लग्नाच्या वरातींत व सणाच्या मिरवणुकींत क्लॅरिनेट व कॉर्नेट कोण वाजवीत होतें, त्यांचीं नांवें वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून घ्यावीं. ज्यांस आठवतें तीं माणसें अजून आपल्यांत आहेत, तोंवर हें काम होईल. दुसरी विनंती अशी, कीं ज्या घरीं आजोबांचें व्हायोलिन कपाटावर धूळ खात पडलें असेल, त्या घरच्यांनीं तें उतरवून एखाद्या मुलाच्या हातीं द्यावें, आणि धर्मग्रामानें त्या मुलास शिकविणारा मनुष्य पाहावा. माजोर्ड्याच्या देवळांत एका बापानें आपल्या मुलास शिकविलें, म्हणून देशास एवढें संगीत मिळालें. आपल्या अंगणांतून काय निघेल, तें आज कोणी सांगावें?

आणि तिसरी गोष्ट तर आज रात्रीं घरीं जाऊनच करतां येईल. आवडतें गाणें लावावें, गायिकेचा आवाज येण्यापूर्वींच्या त्या चार ओळी कान देऊन ऐकाव्या, आणि घरच्या मुलांस विचारावें, कीं हें कोण वाजवीत असेल बरें? उत्तर मिळो वा न मिळो. विचारणारा श्रोता निर्माण झाला, म्हणजे वादकाच्या ऋणाचा पहिला हप्ता फिटला.