पर्समधलं पिस्तूल
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय ऐकून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती माझ्यापर्यंत आली. रोज जवळ बाळगायला कोणतं पिस्तूल घ्यावं, हा काही आपल्या शिबिरातला नेहमीचा विषय नव्हे. पण अमेरिकेत, टेक्सासमध्ये, आपल्याकडच्या बायकांसाठी चालणाऱ्या एका मदत-फोनवर मी काही वर्षं काम केलं आणि तिथे हा प्रश्न मला चक्क मराठीत विचारला गेला. "ताई, मोठं घेऊ की लहान?" विचारणारी नवऱ्याचं घर सोडून आलेली होती. औषधांच्या दुकानात रात्रपाळी करायची. सुटल्यावर गाडीपर्यंत अंधारात चालायचं, आणि गाडीजवळ कधीकधी तो उभा असायचा. तिच्या भावाने सांगितलं होतं, घ्यायचं तर पंचेचाळीसच घे, एका गोळीत काम झालं पाहिजे.

तिथे पिस्तूल मिळणं अवघड नाही. लपवून बाळगण्याच्या परवान्याचा कायदा टेक्सासमध्ये १९९५ साली झाला. सप्टेंबर २०२१ पासून तर कायद्याने बंदी नसलेल्या बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. अशा ठिकाणी "छे, शस्त्र वाईट" असं म्हणून फोन ठेवून देणं मला पटत नव्हतं. पोलीस येईपर्यंत मी काय करू, हा तिचा प्रश्न खराच होता. म्हणून आधी तिने विचारलं त्याचंच उत्तर बघू.

पंचेचाळीस म्हणजे नळीचा व्यास .४५ इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. या आकाराच्या कीर्तीचा उगम वसाहतीच्या युद्धात आहे. अमेरिकेने फिलिपिन्स ताब्यात घेतलं तेव्हा तिथल्या मोरो लोकांनी कडवा प्रतिकार केला. .३८ च्या गोळीने ते थांबत नाहीत अशी सैनिकांची तक्रार होती. मग १९०४ साली जिवंत गुरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर गोळ्या झाडून चाचण्या झाल्या आणि मोठ्या गोळीची शिफारस झाली. त्यातून १९११ चं प्रसिद्ध पिस्तूल आलं. रिकामं वजन सुमारे अकराशे ग्रॅम. "एका गोळीत माणूस आडवा" ही ख्याती तेव्हापासून चालत आली आहे.

आता हिशेब पाहा. पंचेचाळीसची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. नऊ मिलिमीटरची गोळी त्याच्या निम्म्या वजनाची, पण साडेतीनशे मीटर वेगाची. दोन्हींची ऊर्जा जवळपास सारखीच भरते. हाताला बसणारा झटका मात्र पंचेचाळीसचा बराच जास्त. हा झटका पिस्तुलाचं वजन शोषून घेतं. म्हणजे पिस्तूल जड असेल तर झटका सोसतो, पण दिवसभर कमरेला किलोभर लोखंड वागवावं लागतं. लपवायला सोपं म्हणून हलकं आणि आखूड घेतलं, की तीच गोळी हाताला जास्त हिसका देते. पहिली गोळी सुटली की नळी वर उडते, नेम पुन्हा धरेपर्यंत वेळ जातो. सराव नकोसा होतो आणि पिस्तूल कपाटात पडून राहतं. दुकानदार बाईला एक तर गुलाबी मुठीचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर दाखवतो, नाहीतर भावाने सांगितलेलं पंचेचाळीस. नवशिक्या हाताला दोन्ही अवघड. चिमुकल्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका कडक असतो की ओढतानाच नेम हलतो.

यावर सर्वांत बोलका अनुभव एफबीआयचा आहे. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत त्यांची दोन माणसं मेली, पाच जखमी झाली. दोष नऊ मिलिमीटरच्या गोळीला दिला गेला. मग दहा मिलिमीटर आणलं, त्याचा झटका सोसेना. त्याची सौम्य आवृत्ती म्हणून .४० निघालं. शेवटी २०१४-१५ च्या सुमारास ते पुन्हा नऊ मिलिमीटरवर आले. कारण दिलं ते असं: आताच्या गोळ्यांमध्ये आकाराने फारसा फरक पडत नाही, गोळी कुठे लागते आणि पुरेशी खोल जाते की नाही यावर सगळं अवलंबून, आणि बहुतेक माणसं नऊ मिलिमीटरने अधिक नेमकी मारतात. प्रशिक्षित पुरुषांनी भरलेल्या खात्याला हे उमगायला जवळजवळ तीस वर्षं लागली. आपल्या बाईला मात्र भाऊ एका फोनवर पंचेचाळीस घ्यायला सांगतो!

आणि ठेवायचं कुठे? कमरेच्या पट्ट्याला अडकवायची म्यानं बहुतेक पुरुषांच्या कपड्यांचा विचार करून बनलेली. बायकांच्या कपड्यांना धड खिसा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पर्स. पण पर्स हिसकावली जाते, खुर्चीवर विसरते, मूल तिच्यात हात घालतं. २०१४ साली आयडाहो राज्यात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई गेली. पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली पर्स होती ती. तेव्हा घेणारच असशील तर हातात नीट मावणारं मध्यम आकाराचं नऊ मिलिमीटर घे, ते अंगावर म्यानात ठेव, घरी कुलपात, आणि दर महिन्याला सराव कर. हे मी तिला सांगितलं.

पण बोलणं तिथे थांबलं नाही. मोठं की लहान या चर्चेत समोरचा माणूस अनोळखी धरलेला असतो, तिचा माणूस तर ओळखीचा होता. जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगच्या प्राध्यापिका. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अकरा शहरांमधल्या, जोडीदाराने केलेल्या स्त्रियांच्या खुनांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. मारणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाचपटीहून जास्त वाढतो, असं त्यात दिसलं. बाईजवळ स्वतःची बंदूक असल्याने ती वाचते, असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. कॅलिफोर्नियातला २०२२ चा अभ्यास सांगतो की पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या, स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या माणसाचा घरात जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचा धोका सातपट असतो. अशा मृतांत ८४ टक्के बायका. तिथल्याच २०२० च्या अभ्यासात, पिस्तूल असलेल्या बायकांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण, नसलेल्यांच्या ३५ पट आढळलं. मार खाऊन खचलेल्या बाईच्या उशाशी आपण काय ठेवतो आहोत, याचा विचार करायला हवा.

आपल्या मुलींसाठी आणखी एक गाठ आहे. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असलेल्यांनी, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर, पिस्तूल जवळ बाळगणं हाच तिथे गुन्हा आहे. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या मुलीने घाबरून पिस्तूल घेतलं, तर तुरुंग आणि हद्दपारी तिच्याच वाट्याला येण्याची भीती.

म्हणून आम्ही त्या बाईला आधी विचारलं, त्याच्याकडे काय आहे? तर दोन पिस्तुलं होती. तिथल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. नवऱ्याला बाजू मांडायची संधी देऊन कोर्टाने संरक्षण आदेश दिला आणि त्यात आवश्यक बाबी नोंदल्या, की त्याने शस्त्र बाळगणं गुन्हा ठरतो. १९९४ सालची ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये उचलून धरली. तो खटलाही टेक्सासमधलाच. तिने आदेश मिळवला, रात्रपाळी बदलून घेतली. पिस्तूल घेतलं की नाही, ते मी विचारलं नाही.

इकडे आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून काढलं. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये, दागिन्यांसारख्या डबीत. दिल्लीच्या मुलीच्या मृत्यूला वर्ष झालं होतं. सव्वा लाख कुणाकडे असतात, आणि एवढ्या पैशांत किती बायकांच्या भाड्याची सोय होते, हा हिशेब तुम्हीच करा.

पण परवान्याची शस्त्रं आपल्या गावांतही आहेत, बहुतेक पुरुषांच्या नावावर. आपल्या केंद्रांच्या केसपेपरवर दारू, हुंडा, मूलबाळ सगळं विचारतो. "घरात बंदूक किंवा पिस्तूल आहे का, परवाना कुणाच्या नावावर?" हा रकाना कुठे आहे? शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाखाली सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना रद्द करता येतो. परवाना देणारे जिल्हाधिकारी, शहरात पोलीस आयुक्त. अर्ज त्यांच्याकडे करायचा, सोबत तक्रारीची नक्कल जोडायची. अर्जाचा एक मसुदा मी लिहून आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्या.