नाचणीला मोड आणा
(बेटेगाव येथे मातांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

भगिनींनो, मी आहारतज्ज्ञ नाही. घरी रांधणारी बाई आहे. बोईसरला कामावर निघताना बाळाच्या हाती बिस्किटाचा पुडा देणे सोपे वाटते. पण आपल्या १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सुकवा, मंद आचेवर जराशी भाजून दळा. पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत शिजवा; गुठळ्या होत नाहीत.

मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते. म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावते, आणि बाळाचे पोट तर एवढेसे! सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत ही पेज द्या. रीत हाती आली, की घरचेच धान्य बाळाच्या अंगी लागते.