अंगठ्याच्या ताब्यातलं पान

सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये चढलेल्या माणसाचा एक हात वरच्या कडीला असतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल. घरपट्टी भरणं असो की परीक्षेचा अर्ज, सगळी भिस्त त्या एका अंगठ्यावर. ठाणे-कल्याण परिसरात वेब पानं बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींनो, आज मी बोलणार आहे ते या अंगठ्याखाली सरकणाऱ्या पानाबद्दल.

पानाचं रंगरूप स्टाइलशीट ठरवते. होकॉन व्यूम ली यांनी १९९४ साली सर्न या संशोधनसंस्थेत असताना ती कल्पना मांडली. पान सरकण्यावरचा ताबा मात्र तिच्यात फार उशिरा आला.

समजा, अर्ज निम्मा भरून झालाय. वरचा रकाना पुन्हा तपासायला तुम्ही पान खाली ओढता. पान आधीच माथ्याला टेकलेलं असेल, तर अँड्रॉइडवरचा क्रोम ते नव्याने मागवतो आणि भरलेली माहिती पुसली जाऊ शकते. त्यात गर्दीत रेंज गेली, की मनस्तापच. यावर एक ओळ पुरते. एचटीएमएल या मूळ घटकाला 'ओव्हरस्क्रोल-बिहेवियर: कंटेन' लावा, म्हणजे ओढून पान ताजं होणं थांबतं. स्टेशनांची यादी छोट्या चौकटीत असेल, तर तिलाही हीच ओळ लावा. यादी संपल्यावर मागचं पान सरकत नाही. क्रोममध्ये ही सोय २०१७ पासून आहे, सफारीत २०२२ पासून. तरी कितीतरी अर्जांत ती दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वर चिकटून राहणारी पट्टी असेल, तर दुव्यावरून आलेल्याला मथळा तिच्याखाली झाकलेला दिसतो. तिथे 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप'मध्ये पट्टीची उंची द्या.

'स्क्रोल-बिहेवियर: स्मूद'ने पान घरंगळत जातं. दिसायला छान, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा विकार असलेल्यांना त्याने गरगरतं, मळमळतं. अशी माणसं फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय निवडतात. 'प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन' तपासा आणि त्यांच्यासाठी घरंगळणं बंद ठेवा. यात सवलत नको.

'स्क्रोल-स्नॅप' पानाला ठरावीक जागी थांबवतं. फोटोंसाठी ते उत्तम. लांब मजकुराला 'मँडेटरी' लावलंत, तर वाचकाची अवस्था जलद गाडी थांबत नाही त्या ठाकुर्लीला उतरायचं असताना जलद गाडीत बसल्यासारखी होते. तिथे 'प्रॉक्सिमिटी' लिहा आणि स्वस्तातल्या फोनवर, अक्षरं मोठी करून, एका हाताने ते पान शेवटपर्यंत वाचून बघा.