दप्तरात न उतरलेली पदके



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या संध्याकाळी शिवचरित्र ऐकायला मिळावे, एखाद्या कवीविषयी चार शब्द कानी पडावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा. आणि आम्ही बोलणार सरकारी कागदातल्या चुकांविषयी! पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून कोणी पलटणीत गेले होते, त्या घरांतल्या मंडळींना हा विषय परका वाटणार नाही. अशा घरात एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक-दोन पदके आणि घडीवर विरलेला डिस्चार्जचा कागद असतो. पदके मुले खेळायला घेतात, पण त्या कागदाला म्हातारा कोणाला हात लावू देत नाही. त्याचे खरे आहे. पदक हरवले तर दुसरे मागता येते. कागदावर नोंदच नसली, तर हातातले पदक तरी कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो.

अशीच नोंद राहून गेलेल्या एका शिपायाची हकीकत आज सांगायची आहे. शिपाई अमेरिकेतला. इतक्या दूरचा माणूस निवडण्याचे एक कारण असे की, त्याची आई कलकत्त्याची होती आणि त्याच्या बालपणाचा काही काळ हिंदुस्थानात गेला. दुसरे कारण असे की, दप्तरातली चूक कशी होते आणि ती सुधारायला काय लागते, हे त्याच्या एकट्याच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके आम्हांला दुसरीकडे कोठे दिसले नाही.

त्याचे नाव एडवर्ड कार्टर. जन्म १९१६ चा, लॉस एंजेलिसचा. बाप कृष्णवर्णीय अमेरिकन, धर्मोपदेशक. कुटुंब हिंदुस्थानातून पुढे शांघायला गेले. १९३२ मध्ये जपानने शांघायवर हल्ला केला तेव्हा हा पोरगा घरातून पळाला आणि चिनी फौजेत दाखल झाला. वय अवघे पंधरा! ते उघडकीस आल्यावर त्याला घरी धाडण्यात आले. पण गडी घरात बसणारा नव्हता. पुढे तो स्पेनमध्ये गेला आणि तिथल्या यादवी युद्धात फ्रँकोच्या विरुद्ध, प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला. १९४१ च्या सप्टेंबरात तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला आणि वर्षाच्या आत स्टाफ सार्जंट झाला. आपल्याकडच्या हवालदाराच्या तोडीचा हुद्दा म्हणा ना.

अमेरिकेच्या सैन्यात त्या काळी काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला सामान वाहण्याचे, स्वयंपाकाचे, रस्ते बांधण्याचे काम येई. १९४४ च्या अखेरीस आघाडीवर माणसे कमी पडू लागली तेव्हा काळ्या शिपायांतून स्वयंसेवक मागवण्यात आले. अट एकच. बाहीवरच्या फिती उतरवायच्या आणि साधा शिपाई म्हणून यायचे, कारण काळ्या सार्जंटाने गोऱ्या शिपायाला हुकूम देणे वरिष्ठांना मानवणारे नव्हते. कार्टरने फिती उतरवल्या.

२३ मार्च १९४५ रोजी जर्मनीत स्पायरजवळ तो ज्या रणगाड्यावर बसला होता त्यावर शत्रूचा मारा झाला. कार्टर आपण होऊन तीन सोबत्यांना घेऊन उघड्या शेतातून पुढे सरकला. दोघे पडले, तिसरा जबर जखमी झाला. हा एकटा पुढे गेला. पाच जखमा झाल्यावर त्याला आडोसा घ्यावा लागला. त्याला धरून न्यायला आठ जर्मन आले. त्यांतले सहा त्याने मारले, उरलेल्या दोघांना कैद केले आणि त्या दोघांचीच ढाल करून तो परत आपल्या लोकांत आला. शत्रूची ठाणी कोठे आहेत याची माहितीही त्या दोघांकडूनच मिळाली. या कामगिरीबद्दल त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. शौर्यपदकांत याचा क्रम दुसरा. सर्वांत वरचे ते मेडल ऑफ ऑनर.

युद्ध संपले. कार्टर नोकरीत राहिला. १९४९ मध्ये मुदत संपली तेव्हा त्याने पुन्हा भरती होण्याचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. का नाकारला, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्याने पत्रे लिहिली, वकिलांची मदत घेतली. उत्तर मिळाले नाही. १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. आपले काय चुकले, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

आता थोडे दप्तराकडे वळू. कार्टरसारखे संशयाचे प्रकरण विरळा. पण शिपायाच्या कागदावर पदक नसणे हे अगदी नित्याचे. त्याचे मुख्य कारण आम्हांला तरी दुष्टपणा वाटत नाही. १९४५-४६ मध्ये लक्षावधी माणसे घरी जाण्यासाठी रांगेत उभी होती. कारकुनापुढे जी फाइल असेल तीत जे दिसेल ते तो टंकलेखन यंत्रावर बडवी आणि पुढच्याला हाक मारी. इस्पितळात असताना दिलेले पदक, पलटण बदलताना निघालेला हुकूम, हे त्या फाइलीपर्यंत पोहोचलेलेच नसे. शिपाईही घाईत. घरी जायला मिळते आहे, तेथे एका फितीसाठी कोण भांडतो? आणि काही पदके तर शिपाई घरी गेल्यावर जन्माला आली. पायदळाचा लढाऊ बिल्ला किंवा त्याच तोडीचा वैद्यकीय बिल्ला महायुद्धात ज्याने मिळवला असेल त्याला ब्राँझ स्टारही द्यावा, असा नियम १९४७ मध्ये झाला. पण तो अर्ज करणाऱ्यालाच. ज्याला नियम ठाऊक नाही त्याच्या कागदावर ब्राँझ स्टार येणार कोठून?

त्यावर कळस झाला १९७३ मध्ये. सेंट लुई शहरी अमेरिकेच्या सेनादलांची सेवापत्रके ठेवलेली एक प्रचंड इमारत होती. १२ जुलैच्या मध्यरात्री तिच्या सहाव्या मजल्यावर आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सेवापत्रके गेली. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्या शिपायांची शेकडा ऐंशी पत्रके त्यांत होती. नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रे नव्हती, काय जळले याची यादीसुद्धा नव्हती. तेव्हापासून तेथील कर्मचारी पगाराची बिले, कंपनीचे रोजचे हजेरी अहवाल, इस्पितळाच्या नोंदी अशा बाजूच्या कागदांवरून एकेका माणसाची नोकरी पुन्हा जुळवीत आले आहेत. आमच्याकडे वाळवी जे शंभर वर्षांत करते ते त्यांच्याकडे आगीने काही दिवसांत केले, एवढाच काय तो फरक.

चूक सुधारण्याची सोय मात्र त्यांनी केली आहे. १९४६ पूर्वी एखाद्या शिपायाचा कागद दुरुस्त करायचा तर त्याच्यासाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या संसदेत, स्वतंत्र विधेयक आणावे लागे. १९४६ च्या कायद्याने हे काम दुरुस्ती मंडळांकडे सोपवले. गंमत अशी की, या मंडळांवर बसतात ते नागरी अधिकारी. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. पण न्यायासाठी आवश्यक वाटले तर मंडळ उशीर माफ करते. माणूस वारला असेल तर वारसाला अर्ज करता येतो. सिद्ध करण्याचा भार मात्र अर्जदारावर. सरकारचा कागद बरोबरच असणार, असे धरून काम चालते. तेव्हा लागतो तो पदकाचा मूळ हुकूम, अधिकाऱ्याची त्या वेळची शिफारस, सोबत्यांची शपथपत्रे. “आमच्या वडिलांनी फार मोठा पराक्रम केला होता” हे वाक्य कितीही खरे असले तरी त्याने पान हलत नाही.

अशा एका मंडळाने १९७७ मध्ये डॉक्टर मेरी वॉकर या बाईंचे मेडल ऑफ ऑनर परत केले. अमेरिकेतील यादवी युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली होती. १८६५ मध्ये मिळालेले ते पदक १९१७ मध्ये नियम बदलून यादीतून काढण्यात आले. बाईंनी पदक परत दिले नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत त्या ते छातीवर लावीत राहिल्या. साठ वर्षे पदक होते आणि नोंद नव्हती!

कार्टरचे नेमके उलटे झाले. दुसऱ्या महायुद्धात बारा लाखांहून अधिक काळे अमेरिकन सैन्यात होते. मेडल ऑफ ऑनर मिळालेले चारशेहून अधिक. त्यांत काळा माणूस एकही नाही. १९९३ मध्ये सेनादलाने हे असे का झाले याची चौकशी नॉर्थ कॅरोलायनातील शॉ विद्यापीठाकडे दिली. अभ्यासकांनी जुनी दप्तरे उपसून दहा नावे सुचवली. मुदत केव्हाच उलटली होती, तेव्हा कायद्याने ती शिथिल केली गेली, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सातजणांना पदक जाहीर झाले. सातांतले सहा हयात नव्हते. त्यांत कार्टर होता. हयात होते ते एकटे व्हर्नन बेकर, सत्त्याहत्तर वर्षांचे.

बेकर यांची कामगिरी इटलीतली, ५ व ६ एप्रिल १९४५ ची. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्याच इटलीत सेनियो नदीच्या काठी नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून एकामागून एक वाहून आणले, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस त्याच वर्षी मिळाला. आम्ही ब्रिटिश राज्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नव्हे. पण ज्यांच्या राज्यात आपण गुलाम होतो त्यांनी मराठा शिपायाची नोंद काही महिन्यांत केली आणि स्वतंत्र अमेरिकेला आपल्याच नागरिकाची नोंद करायला बावन्न वर्षे लागली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सर्वोच्च पदक मिळाले, कार्टरचे अवशेष मानाने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्यात आले. आता राहिले काय, असे कोणी म्हणेल. त्याच्या सुनेला तसे वाटले नाही. अलीन कार्टर यांनी विचारले, इतका पराक्रमी माणूस, तर १९४९ मध्ये त्याला दारातून परत का पाठवले? त्यांनी घरातले जुने कागद काढले, सरकारकडे माहिती मागितली आणि सासऱ्यांवरचे गुप्तचर दप्तर मिळवले. ते शाबूत होते! स्पेनमध्ये लढलेला, चिनी भाषा येणारा माणूस, तेव्हा साम्यवादी असला पाहिजे, असा संशय धरून वर्षानुवर्षे पाळत ठेवली गेली होती. राजद्रोहाचा पुरावा त्यांत काडीचाही नव्हता. संशयाचा कागद न् कागद जपून ठेवला होता, आणि हक्काच्या पदकांची नोंद तेवढी राहिली होती.

१९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कुटुंबाची क्षमा मागितली. सेनादलाने दुरुस्त केलेली सेवापत्रके घरच्यांच्या हाती दिली आणि त्यांबरोबर राहून गेलेली तीन पदके. एक अमेरिकन मोहिमेचे, एक युद्धोत्तर ताबा सैन्याचे. दोन्ही अशी की हजारोंना मिळतात, कोणी छाती फुगवून सांगत नाही. तिसरे सद्वर्तनाचे. मानाच्या क्रमात ते फार खालचे. पण सार्जंट कार्टरने पत्रे लिहून, वकील गाठून जे विचारले होते, त्याचे उत्तर मेडल ऑफ ऑनरमध्ये नव्हते, या लहानशा पदकात होते. त्याला जाऊन तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती.