सही वर, राखण खाली



डोंगराळ देश जीवसृष्टीच्या रक्षणाची आंतरराष्ट्रीय वचने कशी पाळतात, हा विषय हमाल आणि जिनिंगच्या कामगारांत आयुष्य घालवलेल्या माणसाकडे कसा आला, असे आपणांस वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. पण करार म्हणजे काय, हे आम्ही पुरते जाणतो. एका मालकाने मजुरीवाढीच्या करारावर हसतमुखाने सही केली. आम्ही हार घातले, पेढे वाटले. पुढे सहा महिने हजेरीपट जुन्याच दराने भरला जात होता! तो तपासणारा आपला माणूस फाटकाशी उभा राहिला, तेव्हा कुठे वाढ हाती पडली.

राष्ट्रांचेही तसेच. १९९२ साली रिओ येथे जैवविविधतेचा करार झाला, १९९४ साली भारताने तो मान्य केला, आणि २००२ साली कायदा केला. प्रत्येक ग्रामपंचायतीने व नगरपालिकेने समिती नेमावी, आपल्या हद्दीतील झाडे, औषधी, बियाणे, गुरांच्या जाती यांची लोकांना विचारून नोंदवही करावी, अशी त्यात सोय आहे. उत्तम कलम! परंतु २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दटावावे लागले, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत हे पुरे करा, नाहीतर दर राज्याने महिन्याला १० लाख रुपये भरा. मग पळापळ झाली. गुराख्याच्या आणि म्हाताऱ्या वैदूच्या शेजारी बसून भरायची वही दंडाच्या भीतीने कशी भरली जाते, ते आपण ताडू शकता.

आता डोंगराकडे वळू. आपण सपाटीवरचे लोक. तरी गोदावरी, भीमा, कृष्णा जिथे उगम पावतात तो सह्याद्री आपलाच. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशात गेली. कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही त्यांतली महाराष्ट्राची. त्याआधी, २०११ साली, माधव गाडगीळांच्या समितीने सांगितले होते की कुठे काय राखायचे ते ग्रामसभांना विचारून ठरवा. पुढे कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाच्या चित्रांवरून वेगळी आखणी केली. २०१४ पासून २०२४ पर्यंत केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले; त्यांत महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. त्याच दहा वर्षांत माळीण गेले, तळिये गेले. अहवाल इंग्रजीत राहिला, आणि 'घरावर कौल घालायलाही बंदी येणार' ही अफवा मात्र मराठीत पोचली. खाणवाल्यांना ती सोयीचीच होती.

नेपाळ आपल्याहून गरीब. तिथे १९९३ च्या कायद्याने डोंगरातली वने गावकऱ्यांच्या गटांकडे राखायला आणि वापरायला दिली, आणि कितीतरी उघड्या टेकड्या पुन्हा झाडांनी झाकल्या. लाकूडफाटा ज्याच्या चुलीत जायचा, तोच पहारा करू लागला. भूतानने तर ६० टक्के भूमी वनाखाली ठेवण्याचे २००८ च्या राज्यघटनेतच लिहिले. पण देश छोटा, वस्ती विरळ. त्याची बरोबरी आम्ही सांगत नाही.

आणि आपल्या दाराशी कारंजा-सोहोळचे अभयारण्य आहे, काळविटांचे, जेमतेम १८ चौरस किलोमीटर. काळवीट आणि रोही कुंपण ओळखत नाहीत. कडेच्या शेतकऱ्याचे सोयाबीन रात्रीत जाते. २०२२ साली माँट्रियलला जगाने ठरवले की २०३० पर्यंत ३० टक्के भूमी आणि समुद्र राखायचा. ती टक्केवारी राखायची कोणी? रोजंदारीवरच्या वनमजुराने, आणि नुकसानभरपाईसाठी खेटे घालणाऱ्या त्या शेतकऱ्याने. आमच्या मते त्यांची मजुरी आणि भरपाई वेळेवर मिळणे हेच त्या कराराचे पहिले कलम असायला हवे होते.

आपल्या नगरपालिकेची नोंदवही आम्ही अजून पाहिलेली नाही. सोमवारी अकरा वाजता ती पाहायला मागणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी सोबत यावे.