फळा, पडदा आणि शिक्षक



वर्गात यंत्र आले की शिक्षण सुधारले, अशी एक समजूत रूढ होऊ पाहत आहे. यंत्र आले की संस्कार संपले, अशी दुसरी समजूत तिच्या शेजारीच उभी आहे. आपल्या देशाचा अनुभव यांपैकी एकाही समजुतीला पुष्टी देत नाही.

उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापर्यंत शिक्षण नेण्याचे स्वप्न डॉ. विक्रम साराभाई यांनी पाहिले. त्यांच्या निधनानंतर, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात, 'साइट' प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. उपग्रह अमेरिकेचा होता; कार्यक्रम मात्र भारतीय भाषांतील होते. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' झेपावला. केवळ शिक्षणाला वाहिलेला तो पहिला भारतीय उपग्रह. २०१० मध्ये त्याचे कार्य थांबले. यंत्राचे आयुष्य असे मोजके असते. शिक्षकाने जागवलेली जिज्ञासा मात्र आयुष्यभर सोबत करते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. त्या लहानशा चौकटीचे तंत्र जगभर उपलब्ध होते. तिच्यामागे आपल्या विद्यार्थ्यांसाठी काय ठेवावे, हे ठरवणारा शिक्षक परितेवाडीत होता. त्याच वर्षी कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरातील मुलाची शाळाच सुटली. तंत्रज्ञानाचा विचार करताना या मुलाचा विसर पडता कामा नये.

मग साधनाचा उपयोग कसा करावा? चंद्रकलांचा पाठ घ्यावा. पडद्यावर अर्ध्या मिनिटात अमावास्येची पौर्णिमा होते. मुले थक्क होतात आणि विसरून जातात. तोच पाठ कुशल शिक्षक निराळ्या रीतीने घेतो. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते, हे तो पडद्यावर कोन दाखवून समजावतो. घरातील पंचांग मुलांना आणायला सांगतो. शुक्ल अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी अर्धा चंद्र आकाशात कोठे आहे, हे मुले स्वतः पाहून वहीत काढतात. आजीच्या तोंडची तिथी आणि पुस्तकातील खगोलशास्त्र एकच आहे, हे त्यांना उमगते. पडद्याने कोन दाखवला, पंचांगाने परंपरा जोडली, निरीक्षणाने खात्री पटवली. या तिहींना एकत्र गुंफले ते शिक्षकाने.

शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. परंतु पडद्यावरील साहित्य परक्या भाषेतले आणि परक्या परिसरातले असेल, तर मातृभाषेची शाळाही मुलाला आतून परकी होते. म्हणून मराठीतून उत्तम पाठ, चित्रफिती आणि प्रयोग निर्माण करणे हे शिक्षकांचे आजचे कर्तव्य आहे. ते काम दुसऱ्या कोणाकडून होईल, अशी वाट पाहणे म्हणजे आपल्या मुलांची दृष्टी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय.

साधने विकत घेता येतात, साधक घडवावे लागतात. प्रत्येक शाळेने यंत्रावर खर्च करताना शिक्षकाच्या सिद्धतेचाही तेवढाच विचार करावा. तसे झाले तर फळा आणि पडदा, दोन्ही राष्ट्राच्या कामी येतील.