गणवेश आणि त्यातली मुलं

सकाळच्या हुबळी-धारवाड चिगरी बसमध्ये गणवेशातली मुलं दाटीवाटीनं उभी असतात. कुणाचे वडील व्यापारी, कुणाचे हमाल, हे कपड्यांवरून कळत नाही. गणवेशाचं हे मोठेपण मी मनापासून मानतो.

पण २०२२चा फेब्रुवारी आठवा. मुलींनी वर्गात हिजाब घालण्यावरून वाद पेटला. ५ तारखेला कर्नाटक सरकारनं गणवेशाचा आदेश काढला. ९ तारखेपासून तीन दिवस राज्यभर हायस्कुलं, कॉलेजं बंद. १५ मार्चला उच्च न्यायालयानं आदेश कायम ठेवला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात मात्र दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. न्या. हेमंत गुप्ता यांनी आदेश योग्य ठरवला. न्या. सुधांशु धुलिया यांनी विचारलं, हिजाबपायी शिक्षण नाकारून मुलीचं आयुष्य सुधारतं का? मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो. शिस्त हवीच, पण वर्गाचं दार उघडं ठेवून.

एरवी मुलं आपली वाट शोधतातच. कुणी बाही दुमडतं, कुणी वेणीत अबोली माळतं, कुणी दप्तरावर लाडक्या क्रिकेटपटूचं नाव रंगवतं. बस थांबते, आणि एका रंगाच्या त्या गर्दीत आई आपलं मूल लांबूनच ओळखते.